पुडीचा कागद

१

आनंदा भोईर शाळेत आला, पण हेडबाईंच्या खोलीत शिरला नाही. ओसरीच्या पायरीवरच बसून राहिला. कोलशेतहून चालत आलेला माणूस, पोटऱ्यांवर खाडीचा चिखल वाळून पांढरा झालेला. भिवा शिपायाने दोनदा विचारलं, "आत वर्दी देऊ का?" दोन्ही वेळा त्याने नुसती मान हलवली. मधल्या सुट्टीची घंटा झाली तेव्हा सुमेधाबाई कर्णिक स्वतःच बाहेर आल्या.

"आनंदाभाऊ, असे बाहेर का बसलात? शालू वर्गावर आहे, बोलावते."

"शालूला नको." आनंदा उठला. टोपी त्याच्या हातातच होती. "तुमालाच इचाराचा हाय, बाई. माझे पोरीचा कागद तुमी वान्याला इकला?"

सुमेधाबाईंना काही उमगेना. मग त्याने तुटक तुटक सांगितलं. शालूचं लग्न डोंबिवलीच्या म्हात्र्यांकडे ठरलं होतं. साखरपुडा झाला होता, मार्गशीर्षातला मुहूर्त धरला होता. चार दिवसांपूर्वी नवऱ्या मुलाची आई शेवंतीबाई ठाण्याला आली, सून ज्या शाळेत शिकवते ती शाळा बघून गेली, जाताना टेंभी नाक्यावर वाण्याकडून किराणा घेऊन गेली. घरी पुड्या सोडल्या, तर एका पुडीला शाळेचा कागद निघाला. मुलाने तो वाचला. मुलींची आरोग्य तपासणी, इयत्ता पाचवी, सन १९४७. शालिनी आनंदा भोईर. डाव्या दंडावर फिकट चट्टा. महारोगाची शंका.

"काल त्यांचा मानूस येऊन साखरपुड्याचा लुगरा परत घेऊन गेला." आनंदाचा आवाज फाटला. "गावान बोंब झाली. धाकटे पोरीला इहिरीवर पानी भरू देत नाय. बाई, मी पोर तुमचे हाती दिली व्हती. तिचा कागद तुमी जपाचा का वान्याला द्याचा?"

कोलशेतच्या आगरी वस्तीतली मॅट्रिक झालेली पहिली मुलगी म्हणजे ही शालू. याच जूनपासून ती शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवत होती. सुमेधाबाईंनी आनंदाला आत नेऊन पाणी दिलं. एक गोष्ट त्यांना तिथेच टोचली. एप्रिलमध्ये जुनी कपाटं रिकामी करायचा हुकूम त्यांचाच होता.

हुकूम सरळ होता. मुलींची नावं, जन्मतारखा असलेलं जनरल रजिस्टर कायमचं ठेवायचं. उत्तरपत्रिका, रजेच्या चिठ्ठ्या आणि शाळा सोडून गेलेल्या मुलींचे तपासणीचे कागद मात्र जाळायचे. विकायचे नाहीत, जाळायचे. कोणत्या मुलीला काय दुखणं होतं, कोणाच्या बापाने फी माफीसाठी काय लिहून दिलं, हे शाळेच्या भिंतीबाहेर जायचं कारण नाही, असं सुमेधाबाईंचं म्हणणं होतं.

दुपारी संस्थेचे चिटणीस गुरुदत्त राजे वकील कोर्टातला काळा कोट अंगात असतानाच शाळेत आले. बातमी त्यांच्या आधी गावात फिरली होती. पहिलीच्या वर्गातल्या निम्म्या मुलींना आया येऊन घेऊन गेल्या होत्या.

"त्या मुलीला घरी बसवा," ते म्हणाले. "आणि भिवाला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगा. कागद जाळायचे त्याच्याकडे होते. त्याने रद्दीत घातले, एवढं तर शेंबड्या पोरालाही कळेल."

"मी चौकशी करते, गुरुदत्तराव. मग ठरवू."

"बुधवारी मंडळाची सभा आहे, तोपर्यंत करा." दारात ते वळले. "हुकूम तुमचा होता, मोठ्या बाई. सभेत तोही विषय निघेल."

२

भिवाने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

"तुमच्या टेबलावरचे गठ्ठे तुमच्या देखत बांधले, बाई. मागच्या आवारात नेले, खड्ड्यात टाकले. गोदाबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या, राख होईपर्यंत हलल्या नाहीत. एक चिटोरा बाहेर गेला असेल तर माझे हात झडतील." बोलून गेल्यावर त्याला आपण काय बोललो ते कळलं आणि त्याने जीभ चावली.

सुमेधाबाईंनी त्याला बुधवारच्या सभेपर्यंत घरी राहायला सांगितलं. तो आपली पितळेची घंटा फडक्याने पुसून, टोल्यासकट टेबलावर ठेवून गेला.

सहदेव कारकुनाची गोष्ट वेगळी होती. तो येऊन बसला तोच घाम पुसत. सुमेधाबाईंनी फक्त एवढंच विचारलं, "सहदेव, टेंभी नाक्यावरच्या वाण्याकडे आपल्या शाळेचा कागद पूर्वी कधी गेला होता का?" आणि माणूस ढासळला.

"गेला होता, बाई. उत्तरपत्रिकांचा एक गठ्ठा. भिवाला मी म्हटलं, हा राहू दे, यादी तपासायचीय. मग संध्याकाळी पिशवीत घालून... घरात बाळंतपण होतं. चूक झाली."

"उत्तरपत्रिकाच? तपासणीचे कागद नाहीत?"

"देवाशपथ नाही! त्या कपाटाला मी हात लावत नाही. किल्ली गोदाबाईंच्या कमरेला असते. तपासणीचे गठ्ठे त्यांनीच आणून तुमच्यापुढे ठेवले."

"आणि मी फुल्या मारलेले कागद वाण्याने घेतले?"

"त्याला काय, बाई. फुली असली काय, नसली काय, पुडीच बांधायची."

त्या फुल्यांचं असं होतं. शाळेत कागदाची नेहमीच ओढ. पाठकोरा कागद दिसला की कोणीतरी हळूच काढून घेणार, त्यावर मुलींना गणितं घालणार. म्हणून सुमेधाबाईंनी स्वतः बसून, जाळायच्या प्रत्येक कागदावर निळ्या पेन्सिलीने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली मारली होती. मनगट दुखून आलं होतं, पण एकाही कागदावर दुसऱ्या कोणाला फुली मारू दिली नव्हती.

आता सहदेवने एक गठ्ठा विकला होता हे खरं होतं. एक विकणारा दुसराही विकू शकतो. गुरुदत्तरावांना हे सांगितलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. भिवाच्या जागी सहदेव गेला असता, आणि शालूवरचा डाग तसाच राहिला असता.

सुमेधाबाईंनी अजून तो कागद पाहिलाच नव्हता. डोंबिवलीला जाणं भाग होतं. पण त्याआधी शालूला भेटायला हवं होतं.

३

शालू गोदाबाई टिपणिसांच्या घरी राहायची. तलावपाळीच्या मागच्या चाळीत, वरच्या मजल्यावर दोन खोल्या. कोलशेतहून रोज शाळेला येणं लहान मुलीला जमेना म्हणून पाचवीत असताना गोदाबाईंनी तिला ठेवून घेतलं, ती सात वर्षं झाली तरी तिथेच होती.

आणि गोदाबाई कोण? सुमेधाबाईंच्या आयुष्यात त्यांना 'सुमे' म्हणणारं एवढं एकच माणूस उरलं होतं. दोघी पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात एका खोलीत राहिल्या, दोघी तरुणपणी विधवा झाल्या, दोघींनी मिळून भाड्याच्या दालनात ही शाळा काढली. शाळेत सुमेधाबाईंच्या नावाची पाटी होती. पण तापलेल्या मुलीला मांडीवर घेऊन बसायच्या त्या गोदाबाई. म्हणून तर तपासणीचे कागद त्यांच्याकडे दिलेले.

सुमेधाबाई पोचल्या तेव्हा शालू गोदाबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. बाईंना पाहून उठून बसली.

"बाई, मला खरंच तो रोग झालाय का?"

"वेडी आहेस का? ती नुसती शिबं होती, आपोआप जाणारी. डॉक्टर सुळ्यांनी तीन महिन्यांनी परत तपासलं होतं."

"मी टाचणी टोचून बघितली." शालूने बाही वर केली. दंडावर चार-पाच लाल ठिपके होते. "दुखतं मला. दुखतं म्हणजे नाही ना झालेला?"

सुमेधाबाईंनी तिच्या दंडावर हात ठेवला. गोदाबाईंनी तिची बाही खाली ओढली. "जा, तोंड धू. पानं घेते. सुमे, तूही बस, सकाळपासून पोटात काही नसेल तुझ्या."

जेवणं झाली. शालू आतल्या खोलीत जाऊन पडली. गोदाबाईंनी नेहमीसारखी डबी पुढे केली. त्यांची बडीशेप म्हणजे शाळेत प्रसिद्ध. लिंबाच्या रसात आणि सैंधवात भिजवून, वाळवून, मग मंद भाजायची. सुमेधाबाईंनी चिमूट उचलली.

"गोदे, ते दोन कागद होते ना गं? एक शंकेचा, एक फेरतपासणीचा. दुसऱ्यावर मी सही केलेली आठवते. दोन्ही एकाला एक टाचलेले होते."

"असतील. गेले असतील गठ्ठ्याबरोबर."

"मग पहिला बाहेर आला, तर दुसरा कुठे गेला?"

"तू आता खोदत बसू नकोस." गोदाबाईंनी डबीचं झाकण लावलं. "जितकं ढवळशील तितका पोरीचाच बोभाटा. लग्न मोडलं तर मोडलं. माझ्याजवळ राहील. शिवण शिकेल, चार मुलींच्या शिकवण्या घेईल. मी आहे ना तिला."

"आणि भिवा?"

"मंडळ बघेल त्याचं काय ते."

भिवाच्या मुलाला देवी आल्या तेव्हा रात्रंदिवस त्याच्या खोलीत बसणारी ही गोदा. जिना उतरताना सुमेधाबाईंच्या मनात ते वाक्य कुसळासारखं अडकून राहिलं. दुःखाने माणूस असं बोलतं, असं म्हणून त्यांनी ते बाजूला सारलं.

४

शेवंतीबाई म्हात्रेंनी बसायला पाट दिला, पण पाण्याचा तांब्या पुढे केला नाही.

"तुमी शाळेच्या मोठ्या बाई ना? मंग आमाला आधी कला नाय सांगितला? मना पोरगी आवडली व्हती. डोले मिटून घरान आनली असती नि मंग?"

"आई, त्यांना बोलू दे," तिचा मुलगा गोविंदा म्हणाला. ठाकुर्लीच्या बिजलीघरात तो कामाला होता. चेहरा शांत, पण डोळ्याला झोप नव्हती. त्याने कागद आणून सुमेधाबाईंच्या हाती दिला.

अक्षर डॉक्टर सुळ्यांचं. शिक्का शाळेचा. खोटं काही नव्हतं. सुमेधाबाईंनी तो खिडकीशी नेला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

निळी फुली नव्हती.

त्यांनी बोटाने कडा चाचपल्या. डाव्या कोपऱ्यात सुईची दोन भोकं होती, जिथे दुसरा कागद टाचलेला होता. भोकं फाटलेली नव्हती. दोरा कोणीतरी नीट कापून काढला होता. हा कागद जाळायच्या गठ्ठ्यात कधी आलाच नव्हता. भिवाकडे नाही, सहदेवकडेही नाही. गठ्ठे त्यांच्या टेबलावर यायच्या आधीच तो कपाटातून निघाला होता.

"शेवंतीबाई, या पुडीत होतं काय?"

"बडीशेप."

"तुम्ही घेतलेली?"

"नाय बा! मी घेतला जिरा, हलद नि गूल. आमचे घरान बडीशेप कोन खातो? मना वाटला वान्यानं खुशीनं घातली."

"बाकीच्या पुड्यांचे कागद आहेत?"

गोविंदाने तेही ठेवले होते. "वाण्याला जाब विचारायला जाणार होतो, बाई. म्हणून आईला काही टाकू दिलं नाही." ते सगळे वर्तमानपत्राचे तुकडे होते, प्रत्येकावर सुताचा वळ. बडीशेपेच्या पुडीला सूत नव्हतंच, नुसती घडी घालून टोक आत खोचलेलं होतं.

"आता नीट आठवून सांगा. त्या दिवशी पिशवी कुठे कुठे होती?"

"शाळेत आलू तवा रिकामी व्हती, घडी करून काखेत. मंग नाक्यावर वान्याकडं भरली. मंग शालूचे त्या गोदामावशीकडं चाय प्यालू. पिशवी चुलीपाशी ठेवली. शालू मना भायेरचे खोलीन घेऊन गेली, तिचा भरतकाम दाखवाला. मावशी आतमदी चाय करत व्हती. मंग गाडीला आलू."

"गाडीत?"

"मांडीवर व्हती माझे."

सुमेधाबाईंनी तो कागद पुन्हा घडीवर घडी घालून पाहिला. मग म्हणाल्या, "ती बडीशेपही ठेवली असेल तुम्ही, गोविंदा?"

त्याने एका वाटीत आणून दिली. सुमेधाबाईंनी दोन दाणे उचलले. वासानेच त्यांना अर्धं कळलं होतं, तरी ते तोंडात टाकले. दाणे भाजलेले होते. आधी लिंबाची आंबूस चव आली, आणि मग मागून सैंधव. त्यांनी वाटी दूर सारली.

"काय झाला, बाई?" शेवंतीबाई घाबरून म्हणाली, आणि स्वतःच उठून पाण्याचा तांब्या घेऊन आली.

५

परतीच्या वाटेवर सुमेधाबाई स्वतःशीच भांडत होत्या. गोदाची बडीशेप शाळेतही असते, कोणीही मूठभर उचलेल. पण शाळेत असताना पिशवी रिकामी होती. मग शालूनेच घातली असेल का? लग्न नको असेल पोरीला? पण शालू बाहेरच्या खोलीत सासूजवळ होती, आणि कपाटं आवरली तेव्हा ती सुट्टीवर कोलशेतला होती. शाळेत तिचं नावही लागलेलं नव्हतं. प्रत्येक वाट फिरून त्याच चुलीपाशी येत होती.

शाळा सुटल्यावर त्यांनी गोदाबाईंना आपल्या खोलीत बोलावलं. दार लोटून घेतलं.

"गोदे, कपाटाची किल्ली दे."

गोदाबाईंनी कमरेची किल्ली सोडली आणि टेबलावर ठेवली. का म्हणून विचारलं नाही. सुमेधाबाईंना त्याच क्षणी कळून चुकलं, आणि तरी ऐकायचं राहिलंच होतं.

"एप्रिलमध्ये काढलास?"

"हो."

"तेव्हा तर लग्नाचा विषयही नव्हता."

"तेव्हा तिच्यासाठीच काढला." गोदाबाई खिडकीबाहेर बघत बोलत होत्या. "जूनमध्ये तिला नोकरी द्यायची होती. तू एकेक कागद बघत फुली मारत होतीस, सहदेव तिथेच लुडबुडत होता. त्याच्या डोळ्याला तो शब्द पडला असता तर? म्हणून दोन्ही कागद पदराखाली घेतले."

"मग घरी नेऊन जाळायचे होतेस."

"वाटलं, कधी कोणी काढलंच, तर फेरतपासणीचा कागद हाताशी असावा."

"आणि वेळ आली तेव्हा पहिला काढलास."

गोदाबाईंनी टेबलावरची किल्ली बोटाने सरळ केली.

"दुसरा कुठे आहे?"

"चुलीत घातला. त्या बाईचा चहा ठेवला होता, त्याच्याखाली."

 बाहेर आवारात मुली लगोरी खेळत होत्या, त्यांचा गलका आत येत होता.

"का गं? काय केलं होतं पोरीने तुझं?"

"काही नाही. ती जायला निघाली होती." आता गोदाबाईंनी वळून पाहिलं. डोळे कोरडे होते. "सात वर्षं तिची वेणी मी घातली, सुमे. पहिल्यांदा ती न्हातीधुती झाली तेव्हा तिच्या आईला नाही, मला कळलं. तुझं काय, तुला शाळा आहे. संध्याकाळी घरी गेलं की माझ्याशी कोण बोलणार होतं? मी आत चहा करत होते आणि ती बाई बाहेरच्या खोलीत म्हणत होती, पोरगी एकदा आली की वर्षभर माहेरी पाठवणार नाही. हसत म्हणत होती. मी कागद डब्याखालून कधी काढला, तेसुद्धा मला कळलं नाही."

"बडीशेप भरून पुडी बांधेपर्यंत कळलं नाही?"

"ते कळलं."

"तिला गावाने वाळीत टाकलं. धाकटीला पाणी भरू देत नाहीत. ती टाचण्या टोचून घेतेय गं दंडाला!"

"मी कुठे टाकणार होते तिला? सगळ्यांनी टाकलं असतं तरी मी टाकलं नसतं." हे त्या अगदी साधेपणाने म्हणाल्या.

एवढ्या वर्षांत त्यांनी गोदाबाईंच्या हातात काय काय दिलं होतं. घराची किल्ली, शाळेची, स्वतःच्या आजारपणात तिजोरीचीसुद्धा. शेकडो मुलींची दुखणी त्या कपाटात बंद होती, आणि दुसऱ्या कोणाची नजर त्यावर असावी, असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. गोदा म्हणजे आपलाच दुसरा हात, असंच त्या धरून चालल्या होत्या.

"शालूला सांगू नकोस," गोदाबाई म्हणाल्या. "बाकी मंडळ म्हणेल ते मी लिहून देते. तेवढं एक सांगू नकोस."

६

बुधवारच्या सभेत गुरुदत्तरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे बाहेर जाता कामा नये. शिक्षिकेने केलं म्हटल्यावर शाळेला टाळं लागेल. गोदाबाईंनी प्रकृतीचं कारण देऊन राजीनामा द्यावा. आणि भिवाचं नाव लोकांच्या तोंडी आलेलंच आहे, ते तसंच राहू द्या. त्याला काहीतरी देऊन वाटेला लावू."

"मग माझाही राजीनामा घ्या," सुमेधाबाई म्हणाल्या, "आणि त्यात मी प्रकृतीचं कारण लिहिणार नाही."

बरीच वादावादी झाली. शेवटी भिवाला पत्र देऊन परत बोलावलं. शिपायाचा दोष नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. सहदेवला ताकीद मिळाली आणि रद्दीचा व्यवहार त्याच्याकडून काढून घेतला. गोदाबाईंचा राजीनामा आला. यापुढे असा कोणताही कागद एकट्याच्या किल्लीत राहणार नाही, जाळताना दोघांच्या सह्या होतील, आणि मुलगी निरोगी असल्याचा कागद शाळा सोडताना तिच्या स्वतःच्या हातात दिला जाईल, असा ठराव झाला. तो सुमेधाबाईंनी स्वतः लिहिला.

डॉक्टर सुळ्यांना सात वर्षांपूर्वीची मुलगी आठवत नव्हती. पण त्यांनी शालूला पुन्हा नखशिखांत तपासलं, आणि सुमेधाबाईंबरोबर डोंबिवलीलाही आले. परत येताना आनंदाबरोबर कोलशेतला जाऊन, विहिरीजवळ जमलेल्या बायकांसमोर त्यांनी शालूच्या धाकट्या बहिणीला पोहरा ओढायला लावला आणि तिच्या ओंजळीतून पाणी प्यायले. डोंबिवलीत शेवंतीबाईला पटायला वेळ लागला. पुडी कोणी बांधली ते ऐकल्यावर मात्र तिने कपाळावर हात मारला. "चाय पाजून हा केला? माझे समोर?" गोविंदा परत नेलेलं लुगडं दुसऱ्या दिवशी स्वतः घेऊन कोलशेतला गेला. मार्गशीर्ष हुकला होता. लग्न माघात झालं.

पण त्याआधी एक दुपार झाली होती. शालूला खरं सांगायचं सुमेधाबाईंनीच ठरवलं. गावात उद्या कोणाच्या तरी तोंडून तिच्या कानावर येणारच होतं, ते आपल्या तोंडून यावं. त्यांनी तिला घरी बोलावून सगळं सांगितलं.  शालूने शेवटी एवढंच विचारलं, "दुसरा कागद जाळला तेव्हा मी बाहेरच्या खोलीत होते ना?"

"हो."

"त्यांनी आतून विचारलं होतं, 'शालू, तुझ्या सासूबाईंना साखर किती घालू?'" ती थोडी थांबली. "माझी ट्रंक आणायला याल माझ्याबरोबर?"

दोघी चाळीत गेल्या. दार उघडंच होतं. गोदाबाईंनी पाट मांडला होता, ताट वाढून ठेवलं होतं. शालू येणार हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. कदाचित त्या रोजच वाढून ठेवत असतील.

"जेवून जा," त्या म्हणाल्या.

सुमेधाबाईंना वाटलं, पोरगी आता ओरडेल, ताट उधळून देईल. शालू पाटावर बसली. खाली मान घालून तिने वाढलेलं सगळं खाल्लं. गोदाबाई भाताचा चमचा घेऊन शेजारी उभ्या होत्या. "आणखी थोडा?" शालूने ताटावर हात आडवा धरला. मग उठून तिने ताट मोरीवर नेऊन घासलं, पुसलं, फळीवर ठेवलं. आतून ट्रंक ओढत आणली. लहानपणाच्या दोन परकरांची चवड गोदाबाईंनी वर ठेवली होती, ती तिने काढून खाटेवर ठेवली.

"सणाला तरी येशील ना गं?" गोदाबाई म्हणाल्या.

शालू ट्रंकेची कडी लावत राहिली.

गोदाबाई सुमेधाबाईंकडे वळल्या. आता कुठे त्यांचा आवाज हलला. "सुमे, तू सांग. येईल ना ती?"

"नाही," सुमेधाबाई म्हणाल्या. "आणि मीही येणार नाही."

त्यांनी वाकून ट्रंकेची दुसरी बाजू उचलली, आणि त्या दोघी जिना उतरू लागल्या.